गोडी आणि उचल

‘आमच्या मुलाला अभ्यासाची गोडीच नाही’ ही तक्रार आईवडिलांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. २०२० च्या जून महिन्यात तिला एक नवी जोड मिळाली : ‘ऑनलाइन वर्गात तर त्याचे मुळीच लक्ष लागत नाही.’ पुढे महामारी ओसरली, शाळांची दारे उघडली. पण ऑनलाइन वर्ग काही पूर्णपणे गेले नाहीत आणि ती तक्रारही गेली नाही. अतिवृष्टीमुळे सुट्टी जाहीर झाली की कित्येक शाळा आता पडद्यावर भरतात. खासगी शिकवण्या तर त्या वाटेला रुळल्याच आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या लेकी-मुलांची मुले मराठीची बाराखडी गिरवतात, तीही पुष्कळदा पडद्यासमोर बसूनच.

लहान मुलाचे मन पडद्यासमोर कसे रमवावे, याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला गोडी वाटत नसेल, तर तो दोष कोणाचा मानायचा? आणि ती गोडी निर्माण व्हावी म्हणून आपण जे जे करतो, ते सारेच न्याय्य असते काय?

या प्रश्नासाठी मी बीड जिल्ह्याकडे वळतो. शाळा एकीकडे आणि मूल दुसरीकडे, ही अवस्था जगाने २०२० साली प्रथम पाहिली. बीडच्या मुलांना ती कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

बालाघाटच्या डोंगररांगांचा हा जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी अशा तालुक्यांतील कोरडवाहू जमीन कुटुंबाचे पोट वर्षभर भरू शकत नाही. दिवाळीच्या सुमारास गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. ती फेडण्यासाठी पती-पत्नीची जोडी सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर या भागांतील, किंवा थेट कर्नाटकातील, साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला जाते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते. या जोडीला त्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन जिवंत माणसांना मिळून एका हत्याराचे नाव देणाऱ्या या हिशेबात मुलांसाठी शब्दच नाही. मुले मात्र असतात. भांड्याकुंड्यांबरोबर तीही गाडीवर चढतात, फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतात, पाणी आणतात, जरा मोठी झाली की वाढे गोळा करतात. शाळेच्या वर्षातले पाच-सहा महिने असे जातात.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. आईवडील गेल्यावर मुले आजी-आजोबांपाशी गावीच राहावीत म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांतून हंगामी वसतिगृहे चालू झाली. तेथे दोन वेळचे जेवण मिळते आणि वर्ग बुडत नाही. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क दिला. ज्या गावातले गुरुजी दिवाळीपूर्वी घरोघरी जाऊन ‘पोराला ठेवून जा’ म्हणून विनवतात, त्या गावात या योजनांना जीव येतो. इतरत्र त्या कागदावर असतात.

मार्च २०२० मध्ये सारे जगच या अवस्थेत आले. युनेस्कोच्या अंदाजाप्रमाणे त्या एप्रिलमध्ये जगभरातील सुमारे १५० कोटी विद्यार्थ्यांची शाळा बंद होती. त्याच सुमारास मराठवाड्यातील ऊसतोड कामगार टाळेबंदीमुळे कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते. एप्रिलच्या मध्यावर शासनाने परतण्याची परवानगी दिली, तेव्हा मुले गावी आली आणि पाहतात तो गावच्या शाळेलाही कुलूप. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून रोज पाठविण्यास आरंभ केला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरातल्या वस्तू आणि घरातली माणसे यांनाच धरून पाठ्यपुस्तक उलगडण्याची तिची कल्पना चांगली होती. हे प्रयत्न प्रामाणिक होते. परंतु घरात फोन एक, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील दिवसभर कामावर. डोंगरपट्ट्यात संपर्क मिळेल तर मिळेल. रिचार्जचे पैसे आणि मिठामिरचीचे पैसे एकाच डब्यातले.

परिणाम काय झाला, हे ‘असर’ या ग्रामीण भागातील पाहणीने दाखविले. तिसरीत असून दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण देशभरात २०१८ साली २७.३ टक्के होते. २०२२ साली ते २०.५ टक्क्यांवर आले. २०२४ च्या पाहणीत ही घसरण बरीचशी भरून निघालेली दिसली. सरासरी सावरते, सुटून गेलेले मूल त्या सरासरीत परत येतेच असे नाही. वाचनाची वाट मध्येच तुटलेले बीडचे मूल नुसते घरी बसून राहत नाही. मुलगा असेल तर तेरा-चौदाव्या वर्षी फडावर उभा राहतो. मुलगी असेल तर तिचे लग्न होते : पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. तेव्हा ‘गोडी नाही’ हे दोन शब्द कोणी कोणाविषयी उच्चारतो, याला महत्त्व आहे. त्या शब्दांनी एखाद्या मुलीच्या आयुष्याचा निकाल लागू शकतो.

आता यावर कोणी म्हणेल, की हा सारा साधनांचा प्रश्न आहे. मुलांना फोन द्या, जोडणी द्या, प्रश्न सुटेल. साधने द्यावीत, हे उघड आहे; न देणे हा अन्यायच होता. पण आपल्याच धर्मग्रामातील एखादे मूल डोळ्यांसमोर आणा. त्याला स्वतंत्र टॅब मिळाला. खोली मिळाली, टेबल मिळाले, शेजारी दुधाचा पेला ठेवून आई दार लोटून गेली. केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शिकेने जुलै २०२० मध्ये सांगितले होते, की पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका असाव्यात. कित्येक घरी ते मूल त्याहून कितीतरी अधिक वेळ बसून राहिले. दुसऱ्या महिन्यात ते कॅमेरा बंद करायला शिकले. तिसऱ्या महिन्यात बाईंनी हाक मारली तर ‘आवाज तुटतोय’ म्हणायला शिकले. एकापाशी काहीच नव्हते, दुसऱ्यापाशी सर्व होते, आणि गोडी दोघांचीही आटली. मग या दोघांत समान असे काय होते?

या प्रश्नावर बालमानसशास्त्राने थोडा प्रकाश टाकला आहे. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतील बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसे समोर बसून खेळली, बोलली. काहींना त्याच माणसांची चित्रफीत दाखविली. बारा बैठकांनंतर पहिल्या गटातील बाळांना त्या भाषेचे ध्वनी ओळखता येऊ लागले. चित्रफीत पाहणाऱ्यांना काहीच लाभ झाला नाही. यावरून पडदाच दोषी, असे कोणी ठरविले असते. पण २०१४ साली दुसऱ्या संशोधकांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवून पाहिली. आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीवरून ती शिकली नाहीत. त्याच पडद्यावर समोरची व्यक्ती प्रत्यक्ष बोलत असेल, मुलाने काही केले की त्याला तत्क्षणी प्रतिसाद देत असेल, तर मात्र ती शिकली, जशी समोरासमोर शिकतात तशीच. काच आड आली होती, पण माणूस हरवला नव्हता.

माझ्या मते सारे मर्म येथे आहे. लहान मुलाची गोडी ही त्याच्या आत आधीच भरून ठेवलेली एखादी वस्तू नसते, की जी काढून दाखविता आली नाही म्हणून त्याला दोषी धरावे. कोणीतरी आपल्याकडे लक्ष दिले, त्याला मुलाने दिलेले ते उत्तर असते. चाळीस चौकोनांतला एक चौकोन होऊन बसलेल्या मुलाकडून आपण अवधान मागत होतो, पण देत नव्हतो. बीडच्या मुलाला पाठ पोहोचला, तोही एका दुव्याच्या रूपात. ‘तू काल आला नाहीस, मी वाट पाहिली’ असे म्हणणारे त्या दुव्यात कोणी नव्हते. शाळेत हजेरी घेताना मूल ‘हजर’ म्हणते. आपण समजतो, हजेरी त्याची झाली. खरे पाहता गुरुजींनी नाव उच्चारले, मान वर करून पाहिले, त्या क्षणी गुरुजींचीही हजेरी लागलेली असते.

हा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेज येथील देओग्रातियास नावाच्या उपदेशक-दीक्षिताने संत ऑगस्टीन यांच्याकडे एक अडचण मांडली होती. नवख्यांना श्रद्धेचे प्राथमिक धडे देताना आपले बोलणे आपल्यालाच नीरस वाटते, असे त्याचे म्हणणे होते. ऑगस्टीन यांनी उत्तरादाखल एक ग्रंथच लिहिला. त्यात त्यांनी श्रोत्याचा कंटाळा दूर करण्याचे उपाय सांगितले आहेत खरे. पण आरंभ शिकविणाऱ्याच्या आनंदापासून केला आहे. शिकविणाराच उदास असेल तर ऐकणाऱ्याने उल्हसित का व्हावे? तेच ते पुन्हा शिकविण्याचा वीट आला तर काय करावे, याचेही त्यांनी मोठे सुंदर उत्तर दिले आहे. आपल्या रोजच्या पाहण्यातली स्थळे एखाद्या नवागताला दाखवताना, त्याच्या डोळ्यांतील नवलाई पाहून, ती स्थळे आपल्यालाही पुन्हा नवी वाटू लागतात. आणि श्रोता जांभया देऊ लागला तर? उभे राहून तो थकला असेल, त्याला बसायला आसन द्या. मुळात आधीच दिले असते तर अधिक चांगले. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा थोर तत्त्वज्ञ कंटाळलेल्या माणसाच्या पायांचा विचार करतो! आपण मात्र पेंगणाऱ्या मुलाच्या मनाची परीक्षा करीत बसतो. त्याने काही खाल्ले आहे काय, रात्री किती वाजता निजले, हे विचारायचे राहून जाते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो : गोडी लावण्यासाठी आपण योजतो ते उपाय. ऑनलाइन वर्गांबरोबर बक्षिसांचा सुळसुळाट झाला. बरोबर उत्तराला चांदणी, पाच चांदण्यांना पदक, महिनाभर उपस्थित राहिल्यास रंगीत प्रशस्तिपत्र. घरी आईवडिलांची वेगळी बोली : ‘वर्ग संपेपर्यंत बसलास तर अर्धा तास गेम.’ हे सारे निरुपद्रवी वाटते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी एका बालवाडीत पाहिले, की ज्या मुलांना मुळातच रंगीत पेनांनी चित्रे काढायला आवडत होते, त्यांना ‘चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रांपाशी जाऊ लागली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे दिले गेले, त्यांच्यात ही घट झाली नाही. फरक वस्तूत नव्हता, सौद्यात होता.

बीडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्याकडे त्यासाठी शब्द आहे : उचल. आधी हातात पैसा पडतो आणि मग सहा महिने मनगट आपले राहत नाही. काम आवडते की नाही हा प्रश्नच उरत नाही. काम उचल फेडण्यासाठी असते, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. बक्षिसाच्या बोलीवर बसविलेले मूल हे लहानशा उचलीवर काम करीत असते. ते वर्गात बसते, फेडते, आणि सुटते. मुलाचे कौतुक करू नये असे कोणीच म्हणणार नाही. शाबासकी तर द्यावीच. पण काम होण्याआधी ठरलेली किंमत आणि काम पाहून आपसूक निघालेली शाबासकी या दोहोंत अंतर आहे. पहिली मुलाला मजूर करते. म्हणून ती मला केवळ निरुपयोगी वाटत नाही, थोडी अन्यायाचीही वाटते. आपण जे अवधान द्यायला हवे होते त्याचा मोबदला चांदण्यांत चुकता करून आपण मोकळे होतो.

‘मग शिस्त नकोच काय?’ असा प्रश्न येथे वडीलधाऱ्यांकडून हमखास येतो, आणि तो रास्त आहे. ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात लहानपणाची आठवण दिली आहे. दायांच्या लाडाकोडात, हसतखेळत लॅटिन भाषा ते सहज शिकले; ग्रीक मात्र धाकाखाली शिकावी लागली आणि ती त्यांना कधी आवडली नाही. मोकळे कुतूहल हे भीतीपेक्षा अधिक शिकविते, हा निष्कर्ष त्यांनी स्वतः काढला आहे. (लगेच पुढे त्या मोकळ्या कुतूहलाला आवर घालणाऱ्या शिस्तीची बाजूही त्यांनी घेतली आहे, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल, सोयीचे तेवढेच उचलू नये.) मूल दहा-बारा वर्षांचे झाले, की कंटाळ्यातूनही काम पुरे करण्याची सवय त्याने लावून घ्यावी, ही अपेक्षा योग्यच. सहा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा ज्याने धरावी, त्याने निदान त्याच्या शेजारी तरी बसावे.

शेजारी बसणे ही गोष्ट दिसते तेवढी सोपी नसते. १८८४ च्या मे महिन्यात डॉन बॉस्को यांनी रोमहून तुरीनच्या आपल्या संस्थेला एक पत्र लिहिले होते. संस्था वाढली होती, शिस्त होती, वर्ग चालू होते. तरी मुले कोमेजलेली दिसत होती. कारण त्यांनी असे दिले, की शिक्षक आता मधल्या सुट्टीत मुलांबरोबर खेळत नाहीत. नुसत्या वर्गाच्या खुर्चीवर दिसणारा शिक्षक हा शिक्षकच राहतो. तो अंगणात उतरला की भाऊ होतो. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना उमगले पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा. ऑनलाइन वर्गाने नेमकी ही मधली सुट्टीच कापून टाकली. गणित उरले, भाषा उरली, डबा खाताना बाईंनी विचारलेले ‘आज भाजी कसली?’ गेले.

आपल्या पालघर जिल्ह्यात याच जाणिवेतून एक मोठे काम उभे राहिले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी ते चालविले. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर गेलेली अंगणवाडी ही कल्पना त्या अंगणातली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली : गुरे चरतात तेथेच शाळा. मुलाच्या दिवसाचे वेळापत्रक आधी पाहायचे आणि शाळेचे मागाहून आखायचे, हा त्यातला क्रम. पडद्यावर वर्ग भरविणाऱ्यांनी कोसबाड एकदा पाहून यावे, असे फार वाटते.

आपल्या घरांतूनही हे करून पाहण्याजोगे आहे. टाळेबंदीत धर्मशिक्षणाचे वर्ग पडद्यावर झाले, तेव्हा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभे राहून मुलाला उत्तरे कुजबुजणाऱ्या आया आपण पाहिल्या आहेत. त्यांची तळमळ खरी होती. परंतु कुजबुजलेल्या उत्तराने मुलाचे स्वतःचे उत्तर हिरावून घेतले जाते. त्याऐवजी वर्ग संपल्यावर दहा मिनिटे ‘तुला काय कळले ते मला शिकव’ म्हणून त्याच्यापुढे बसणारी आई, किंवा बालवाचन चाचपडत करणाऱ्या नातवाचे ऐकत बसलेले आजोबा, अधिक देतात. आजोबांना लिहिता-वाचता आले नाही तरी चालते. बीडच्या हंगामी वसतिगृहांतील कित्येक मुलांचे रात्रीचे श्रोते असे निरक्षर आजोबाच असतात.

आणि बीडच्या बाबतीत मला पडद्याची बाजूही घ्यायची आहे. कर्नाटकातल्या फडावर गेलेल्या मुलाजवळची शाळा कानडी असते. आईवडिलांच्या हातात शिक्षण हमी पत्रक असले, म्हणजे मुलाचे नाव आणि इयत्ता दुसऱ्या गावच्या शाळेला कळण्याची सोय असली, तरी त्या वर्गात बसून दुसरीतल्या मराठी मुलाला उमगणार काय? अशा मुलाशी त्याच्या स्वतःच्या गुरुजींनी आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटे, नाव घेऊन बोलावे, त्याच्याकडून एक उतारा वाचून घ्यावा, कोपीबाहेर आज काय पाहिले ते विचारावे, तर त्या छोट्या पडद्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, मोठी योजनाही लागत नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून काढला होता, ती पासोडी आजही सांगितली-दाखविली जाते. साधन काय घ्यायचे, याबाबत हा जिल्हा कधी अडून बसलेला नाही.

अडचण वेळेची आहे. पहाटे अंधारात टोळी फडावर जाते, फोन वडिलांबरोबर जातो. दिवसा मूल कोपीपाशी धाकट्याला घेऊन असते. गाडी भरून कारखान्याकडे रवाना झाली, की मग आईवडील परततात, चूल पेटते, आणि फोन मुलाच्या हाती येतो तो दिवेलागण उलटल्यावर. गुरुजींची शाळेची वेळ तेव्हा संपलेली असते.